पायपीआयचं ट्रस्टेड पब्लिशिंग: टोकन सांभाळायची कटकट गेली, बाकीच्या आहेतच

पायथनचं पॅकेज पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर, कसं चढवायचं, असं बेळगावच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात विचारा, अजून बहुतेक जुनीच रीत सांगतात. लॅपटॉपवर बिल्ड करायचं (कोडची चढवण्याजोगी फाइल बनवायची), ट्वाइन हे चढवायचं साधन चालवायचं, टोकन (पासवर्डऐवजीची किल्ली) पेस्ट करायचं, झालं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टात चौघांनी मिळून खरोखर कामाचं काही बनवलेलं असतं, पण टोकन एकट्याच्या लॅपटॉपवर असतं. तो पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरीला लागतो. वर्षभराने कुणी चूक दाखवली की खानापुरात राहिलेल्याकडे कोड असतो, दुरुस्तीही तयार असते, पण नवी आवृत्ती चढवायचा हक्क त्याच्याकडे नसतो.

गिटहब ॲक्शन्स (कोड ठेवायच्या गिटहबवर कामं आपोआप चालवायची सोय) आणि पायपीआयचं ट्रस्टेड पब्लिशिंग या जोडीचा उतारा नेमका याच दुखण्यावर लागू पडतो. ट्रस्टेड पब्लिशिंग एप्रिल २०२३ मध्ये आलं. रेपो (गिटहबवरचा कोडचा साठा) सार्वजनिक असेल तर दोन्हीकडे पैसा लागत नाही. पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. अर्धा कापला तो एरर मेसेजांसाठी.

टोकन म्हणजे बसचा वार्षिक पास. हरवला तर ज्याच्या हाती लागला तो फिरतो. ट्रस्टेड पब्लिशिंग म्हणजे बेळगाव-निपाणीचं त्या फेरीपुरतं तिकीट. वर्कफ्लो, म्हणजे रेपोतल्या फाइलमध्ये लिहिलेली कामांची यादी, चालू झाला की गिटहब त्याला सहीचं ओळखपत्र देतं: हा अमुक मालकाचा, अमुक रेपोतला, अमुक फाइलमधला जॉब. पायपीआय ते तपासून १५ मिनिटं चालणारं टोकन हातात ठेवतं. कुणाच्याच लॅपटॉपवर काही साठवायचं नाही, रेपोच्या सीक्रेट्स या गुप्त कप्प्यातही नाही. प्रकाशनाचा हक्क माणसाऐवजी रेपोला मिळतो, हा यातला खरा फायदा.

मांडणीला अर्धा तास पुरतो. पायपीआयवर खातं काढा. १ जानेवारी २०२४ पासून दुहेरी पडताळणी सगळ्यांनाच सक्तीची आहे. रिकव्हरी कोड कागदावर उतरवून दोन ठिकाणी ठेवा, कारण ऑथेंटिकेटर ज्या मोबाइलवर तोच बदलला तर खातं परत मिळवताना घाम फुटतो. मग पब्लिशिंगच्या पानावर चार गोष्टी भरायच्या: गिटहबवरच्या मालकाचं नाव, रेपोचं नाव, वर्कफ्लोच्या फाइलचं नाव आणि एन्व्हायर्नमेंट (गिटहबवर जॉबला जोडायचा नावाचा कप्पा, त्याला अटी लावता येतात). फाइलचं नुसतं नाव द्यायचं, फोल्डरसकट पत्ता नाही. पॅकेज अजून चढलेलंच नसेल तर ‘पेंडिंग’ पब्लिशर नोंदवता येतो, म्हणजे पहिली आवृत्तीही हाताने चढवावी लागत नाही. मात्र या नोंदीने नाव राखून ठेवलं जात नाही. तुमच्याआधी दुसऱ्या कुणी त्या नावाने पॅकेज चढवलं तर नाव त्याचं झालं. आणखी एक, पॅकेजचं नाव देवनागरीत देता येत नाही. फक्त रोमन अक्षरं, आकडे, टिंब, आडवी रेघ आणि अंडरस्कोर चालतात. शेवटची तिन्ही चिन्हं पायपीआय एकच धरतं, त्यामुळे रेघेच्या जागी अंडरस्कोर टाकून घेतलेलं नाव पुन्हा मिळत नाही.

वर्कफ्लोत दोन जॉब वेगळे ठेवा. पहिल्यात बिल्ड आणि चाचण्या, दुसऱ्यात नुसतं प्रकाशन. ‘आयडी-टोकन: राइट’ ही ओळखपत्र मागायची परवानगी फक्त दुसऱ्याला द्यायची. पुष्कळ जण ती फाइलच्या माथ्यावरच लिहून मोकळे होतात; मग चाचणीसाठी ओढलेल्या प्रत्येक परक्या लायब्ररीच्या हाती ते तिकीट जाऊ शकतं. शिवाय परवानग्या एकदा लिहायला घेतल्या की न लिहिलेल्या सगळ्या बंद होतात. खासगी रेपोत ‘कंटेंट्स: रीड’ राहून गेलं तर चेकआउटच (रेपोतला कोड आणायची पायरी) आपटतं. पायपीएची (पायथनच्या पॅकेजिंगची साधनं सांभाळणाऱ्या गटाची) प्रकाशनाची ॲक्शन, म्हणजे तयार पायरी, फक्त लिनक्स रनरवर (वर्कफ्लो चालवणाऱ्या मशीनवर) चालते, हेही ध्यानात असू द्या.

आता तो अर्धा गुण. नोंदीत आणि वर्कफ्लोत एका अक्षराचा फरक पडला की ‘इनव्हॅलिड पब्लिशर’ असा शेरा येतो. टोकन बरोबर आहे पण त्याला जुळणारा पब्लिशर सापडला नाही, एवढंच तो सांगतो. चूक त्या चार गोष्टींपैकी कशात आहे ते तुम्हीच शोधायचं. त्याच लॉगमध्ये खाली गिटहबने पाठवलेली ओळख छापलेली असते. रेपो, वर्कफ्लो आणि एन्व्हायर्नमेंट या ओळी पायपीआयवरच्या नोंदीशेजारी ठेवून बघा. गुन्हेगार बहुधा एन्व्हायर्नमेंट असतं: नोंदीत लिहिलंय आणि जॉबमध्ये लिहायचं राहिलंय. दुसऱ्या नंबरवर फाइलचं नाव, कारण कुणीतरी वायएमएलचं वायएएमएल केलेलं असतं.

एन्व्हायर्नमेंट भरणं ऐच्छिक आहे, तरी ते टाळू नका. त्यावर ‘रिक्वायर्ड रिव्ह्यूअर’ लावता येतो. सार्वजनिक रेपोला ही सोय फुकट आहे. टॅग (आवृत्तीच्या नावाची खूण) गिटहबवर ढकलला की बिल्ड होतं, चाचण्या होतात आणि प्रकाशनाचा जॉब थांबून राहतो. ग्रुपमधल्या कुणी मोबाइलवरून मंजुरी दिली की पुढे सरकतो. ३० दिवसांत कुणीच हात लावला नाही तर जॉब आपोआप नापास होतो.

ही वाट बघण्याची पायरी का हवी, तर पायपीआयवर एकदा गेलेलं फाइलनाव जन्माचं वापरलं गेलं. आवृत्ती पुसून टाकली तरी त्याच नावाची फाइल पुन्हा चढत नाही. ४०० चा एरर ठरलेला. चुकीची आवृत्ती गेली तर ती पुसू नका, ‘यँक’ करा. पिप हा पॅकेज बसवणारा प्रोग्राम मग ती आपणहून निवडत नाही, पण ज्यांनी नेमका तोच आकडा लिहून ठेवलाय त्यांचं काम अडत नाही. १.२.० चुकली असेल तर लगेच १.२.१ काढा आणि पुढे चला. हाच एरर टॅगवर व्ही१.२.० आणि पायप्रोजेक्टच्या फाइलमध्ये (पॅकेजची माहिती लिहितात तीत) जुनाच आकडा राहिला तरी येतो. त्यावर सेटअपटूल्स-एससीएम हा इलाज आहे, तो आवृत्ती टॅगवरूनच काढतो. पण चेकआउटची ॲक्शन मुळात एकच कमिट (शेवटचा नोंदवलेला बदल) आणते. ‘फेच-डेप्थ: ०’ लिहिलं नाही तर टॅग दिसत नाहीत, आवृत्तीला ‘डेव्ह’ आणि अधिकचिन्हाचं शेपूट चिकटतं आणि असं शेपूट पायपीआय दारातूनच परत पाठवतं.

आपल्या भागाला शोभेल असं एक उदाहरण घेऊ: मराठी नावं कन्नड लिपीत लिहून देणारं छोटं पॅकेज. जमिनीच्या उताऱ्यावर नाव कन्नडात, शाळेच्या दाखल्यावर मराठीत, तेव्हा गरज घरोघरची. युनिकोडचे देवनागरी आणि कन्नड हे दोन्ही तक्ते इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संगणकी संहितेच्या एकाच मांडणीवरून आलेत. त्यामुळे देवनागरी अक्षराच्या क्रमांकात ८९६ मिळवले की बहुतेक वेळा त्याच उच्चाराचं कन्नड अक्षर हाती येतं; ‘क’ चा क्रमांक २३२५, त्याच्या जोडीदाराचा ३२२१. दहा ओळींत पॅकेज तयार आणि ‘कमल’, ‘विठ्ठल’ उत्तम उतरतात. मग ‘शेतकऱ्याचं’ येतं. त्यातल्या ‘ऱ’ ला बेरजेने मिळतं ते हल्लीच्या कन्नडात कुणी न वापरणारं जुनं अक्षर. ‘डॉक्टर’ मधल्या ‘ॉ’ ला तर त्या तक्त्यात घरच नाही, तिथे रिकामा चौकोन उमटतो. या शब्दांच्या चाचण्या बिल्डच्या जॉबमध्ये असतील आणि प्रकाशनाचा जॉब ‘नीड्स’ लिहून त्याला बांधलेला असेल, तर गाडी तिथेच थांबते.

याच पॅकेजात आणखी दोन खड्डे आहेत. अपवादांचा तक्ता जेसन फाइलमध्ये ठेवला, तर ती व्हीलमध्ये (पिप बसवतो त्या तयार फाइलमध्ये) जातेच असं नाही. स्वतःच्या फोल्डरमधून चालवताना फाइल शेजारीच असते म्हणून सगळं छान चालतं. दुसऱ्याने पिपने बसवलं की ‘फाइल नॉट फाउंड’. व्हील ही साधी झिप फाइल असते, उघडून यादी बघा. त्याहून बरं म्हणजे कोड ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये ठेवा आणि बिल्ड झालेलं व्हीलच बसवून त्यावर चाचण्या चालवा. दुसरा खड्डा मराठी रीडमीचा, म्हणजे पॅकेजची ओळख करून देणाऱ्या फाइलचा. जुन्या पद्धतीच्या सेटअप फाइलमध्ये रीडमी एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) न सांगता वाचलं असेल, तर लिनक्स रनरवर ते बिनबोभाट जातं आणि विंडोजवर कोसळतं. तिथल्या जुन्या १२५२ कोडपेजात हलन्ताच्या शेवटच्या बाइटला जागाच नाही, म्हणजे पहिलं जोडाक्षर आलं की खेळ संपला. पायप्रोजेक्टच्या फाइलमध्ये रीडमीचं नाव द्या, ते यूटीएफ-८ धरूनच वाचलं जातं.

सी किंवा रस्टचा कोड असेल तर काम वाढतं. साध्या लिनक्सच्या शिक्क्याचं व्हील पायपीआय घेत नाही, ‘मेनीलिनक्स’ (बहुतेक लिनक्सवर चालणारं) लागतं. सीआयबिल्डव्हील हे साधन ते करून देतं. तीन ऑपरेटिंग सिस्टिमची व्हील्स गोळा करताना प्रत्येक आर्टिफॅक्टला (जॉबने पुढच्यासाठी साठवलेल्या गठ्ठ्याला) वेगळं नाव द्या, नाहीतर चौथ्या आवृत्तीपासूनची अपलोड ॲक्शन दुसऱ्या व्हीललाच अडते.

टेस्टपायपीआय या सरावाच्या भांडारावर रंगीत तालीम जरूर करा. तिथलं खातं वेगळं, पब्लिशरची नोंदही वेगळी. पण तालीम आणि खरा प्रयोग एकाच जॉबमध्ये उरकू नका. प्रकाशनाची ॲक्शन हल्ली प्रत्येक फाइलसोबत सहीचा दाखला बनवते, तो त्याच फोल्डरमध्ये पडून राहतो आणि दुसऱ्या खेपेला आडवा येतो.

एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. रिलीज, म्हणजे गिटहबवरची आवृत्तीची घोषणा, एका वर्कफ्लोने गिटहबच्या आपसूक मिळणाऱ्या टोकनने बनवलं, तर ‘रिलीज’ वर टपून बसलेला दुसरा वर्कफ्लो उठतच नाही. एररही येत नाही, नुसती शांतता. वर्कफ्लोंची अखंड साखळी होऊ नये म्हणून गिटहबनेच तसं ठरवलंय. प्रकाशन टॅग ढकलण्यावर ठेवा आणि टॅग माणसाने ढकलावा.

या सगळ्याने पॅकेज सुरक्षित होतं का? चोराच्या हाती किल्ली लागत नाही, इतकं खरं. पण कारखान्यातच भेसळ झाली तर शिक्का खराच उमटतो. डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्रालिटिक्स या गाजलेल्या पॅकेजच्या ८.३.४१ आणि ८.३.४२ या आवृत्त्यांत क्रिप्टोमायनर (दुसऱ्याच्या संगणकावर गुपचूप आभासी चलन कमावणारा प्रोग्राम) शिरला, तो गिटहब ॲक्शन्सच्या कॅशमध्ये (पुढच्या खेपेसाठी राखलेल्या फाइलींच्या साठ्यात) विष कालवून. म्हणून प्रकाशनाच्या वर्कफ्लोत कॅश वापरू नका, दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील. परक्या ॲक्शन टॅगने न बोलावता पूर्ण कमिट हॅशने (त्या नेमक्या बदलाच्या न बदलणाऱ्या क्रमांकाने) बोलवा. टॅग त्या रेपोत लिहायचा हक्क असलेला कुणीही मागाहून सरकवू शकतो.

त्या प्रकरणात काही दिवसांनी ८.३.४५ आणि ८.३.४६ याही दूषित आवृत्त्या आल्या. या वेळी वर्कफ्लोला हात लागला नव्हता. ट्रस्टेड पब्लिशिंग सुरू झाल्यावरही जुनं एपीआय टोकन रद्द करायचं राहिलं होतं, तेच वापरलं गेलं. तेव्हा नव्या पद्धतीने पहिली आवृत्ती नीट चढली की त्याच बैठकीत दोन ठिकाणी जा. पायपीआयच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये जुनं टोकन काढा, मग रेपोच्या सीक्रेट्समधली त्याची प्रत काढा. पॅकेजला मालक म्हणून दोन जण नोंदवा, त्यातला एक तरी गावात राहणारा असू दे. आणि पुण्याला गेलेल्या मित्राच्या लॅपटॉपवर होम फोल्डरमध्ये ‘पायपीआयआरसी’ नावाची टिंबाने सुरू होणारी, टोकन साठवलेली फाइल असेल, तीही त्याला पुसायला सांगा.