पोरं त्याला ‘फेटा’ म्हणतात : घरच्या शिकवणीत नऊ महिने वापरल्यावर

आधी हिशेब सांगते, कारण कुणीही पहिला प्रश्न तोच विचारतं. एमजी रोडवरून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप ११,५०० रुपये, टीव्हीला जोडायची केबल २५०, साधे दोन माऊस ६००. टीव्ही घरचाच, ३२ इंची, सासूबाईंच्या मालिकांच्या वेळा सांभाळून. ज्याच्याबद्दल लिहिते आहे ते ‘फेट’ (PhET), म्हणजे पडद्यावर करायचे विज्ञानाचे प्रयोग, मात्र फुकट.

मी नाशिकच्या सिडकोत पाचव्या स्कीममध्ये राहते आणि नववी-दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांची विज्ञान-गणिताची शिकवणी घेते. यंदा अकरा जण आहेत. बहुतेकांचे आईवडील अंबड नाहीतर सातपूरच्या कंपन्यांत. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो वडिलांबरोबर सेकंड शिफ्टला जातो. त्यामुळे ‘घरी जाऊन व्हिडिओ बघा’ हे माझ्याकडे चालत नाही. लॉकडाउनमध्ये चालवून पाहिलं होतं. ग्रुपवर लिंक टाकायची आणि रात्री अकराला निळ्या टिका मोजत बसायचं. कोण जागं आहे एवढंच त्यातून कळायचं.

यंदा जूनमध्ये लॅपटॉप आला आणि मी तीच चूक मोठ्या पडद्यावर केली. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमध्ये स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं, आधी उतरवून ठेवलं तर नेट नसतानाही चालतं. खान अकॅडमीचे गणिताचे धडे मराठीत आहेत. दोन्ही चांगलं, दोन्ही फुकट. मी रोज पंधरा-वीस मिनिटं लावायचे. मुलं इतकी शांत बसायची की मला वाटलं, जमलं! मधल्या काळात मी पुढच्या तुकडीच्या वह्या तपासून घ्यायचे. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटत होतं.

नववीला ‘धाराविद्युत’ संपल्यावर मी चाचणी घेतली. ओहमचा नियम सगळ्यांनी जसाच्या तसा लिहिला. शेवटी मी एक प्रश्न माझ्या मनाने टाकला होता. एक सेल, दोन सारखे दिवे एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकापुढे एक, कुठला जास्त उजळेल? पाच नववीकरांपैकी पाचांनी लिहिलं, सेलच्या जवळचा. का, तर पुढच्या दिव्यापर्यंत पोचेस्तोवर वीज कमी होते. दहावीच्या सहा जणांना तोंडी विचारलं, तर त्यांच्यातल्या चौघांचं हेच. म्हणजे सूत्र पाठ आहे आणि डोक्यात वीज अजून वाटेत संपते आहे, नळाच्या शेवटच्या घराला पाणी कमी यावं तशी.

तेव्हा मी फेटकडे वळले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प २००२ साली कार्ल वायमन यांनी सुरू केला. त्यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं होतं. विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स म्हणजे पडद्यावर स्वतः हलवून, जोडून, बिघडवून बघायचे प्रयोग. बरीचशी मराठीत आहेत. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं ‘फेटा’ केलं. ‘ताई, आज फेटा बांधायचा का?’ हे आता आमच्याकडे नेहमीचं झालंय.

सर्किटवाल्यात एका बाजूला तारा, दिवे, बॅटरी, रोध, स्विच असतात. ओढून आणायचे आणि टोकाला टोक लावायचं. तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना निळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, धारा वाढली की ते जोरात पळतात. पहिल्या दिवशी माऊस माझ्याच हातात होता आणि वर्ग पुन्हा तसाच शांत! दुसऱ्या दिवशी मला भाजी फोडणीला टाकायची होती म्हणून मी माऊस एका मुलीकडे दिला आणि आत गेले. बाहेर आरडाओरडा. येऊन बघते तर बॅटरीला आग लागलेली, पडद्यावरच्या. तिने मधला दिवा काढून तार थेट दोन्ही टोकांना जोडली होती. एक मुलगा घरी अहिराणी बोलतो. तो उठून उभा राहिला, ‘हाई काय व्हयनं?’ त्या पंधरा मिनिटांत शॉर्ट सर्किटवर जेवढे प्रश्न आले तेवढे माझ्या आजवरच्या शिकवणीत आले नव्हते.

तेव्हापासून एक शिस्त लावली. बटण दाबायच्या आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, कारणासकट, पेनाने. मग ज्याचा अंदाज सगळ्यात वेगळा त्याच्या हाती माऊस. दोन दिव्यांचा तो प्रश्न असाच पुन्हा घेतला. दोन्ही दिवे सारखेच उजळले आणि ठिपके दोन्हीकडे एकाच वेगाने सरकत होते. वर्ग गप्प झाला, पण ही शांतता वेगळी होती. पेनाने लिहिलेलं खोडता येत नाही ना!

मग एका मुलीने विचारलं, ‘ताई, ठिपके परत येतात तर मग सेल का संपतो?’

मी बी.एस्सी. भौतिकशास्त्र आहे, तरी क्षणभर अडखळले. आवेश परत येतात हे खरं, पण ते सेलकडून घेतलेली ऊर्जा दिव्यात देऊन येतात, आणि ती ऊर्जा पुरवणारी सेलमधली रसायनं हळूहळू संपत जातात. मी हे फळ्यावर मांडत होते तेवढ्यात मागचा एक जण म्हणाला, ‘म्हणजे कंपनीसारखं. जेवढी माणसं पाळीला आत जातात तेवढीच बाहेर येतात, फक्त दमून.’ मी फळा पुसला आणि त्याचंच वाक्य लिहिलं. ते सेलच्या रसायनांपर्यंत पोचत नाही, पण त्या दिवसापुरतं पुष्कळ होतं.

त्याच सिम्युलेशनमध्ये दिव्याच्या वाटेत नाणं, खोडरबर, पेन्सिल, डॉलरची नोट असल्या वस्तूही ठेवता येतात. नोट डॉलरची का, आपली का नाही, यावर आमच्याकडे दहा मिनिटं चर्चा झाली. पेन्सिलीवर सगळे म्हणाले, लाकूड आहे, नाही लागणार. मंद का होईना, दिवा लागला. मग खरी पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोकली, दोन सेल आणि एक लाल एलईडी घेतला. लागेना. एक जण म्हणाला, फेटा खोटं बोलतो. एलईडी उलटा जोडला गेला होता, फिरवल्याबरोबर लागला. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते वीज वाहून नेतं, हे पुस्तकात आहेच. पण एलईडी एकाच दिशेने चालतो हा त्या दिवशीचा फुकटचा धडा.

इथे माझी पहिली मोठी तक्रार येते, आणि ती माझ्याच शिकवण्याबद्दल आहे. कोलोरॅडोतल्याच संशोधकांचा २००५ चा एक अभ्यास आहे. खऱ्या सामानाऐवजी या सिम्युलेशनवर शिकलेले कॉलेजचे विद्यार्थी नंतर खरं सर्किट जोडण्यात आणि ते समजावून सांगण्यात सरस ठरले. तो वाचून मी ऑगस्टमध्ये सेल-तारांचा डबा कपाटात ठेवून दिला. दिवाळीनंतर काढला. पडद्यावर समांतर जोडणी डोळे मिटून करणाऱ्या मुलाने खरी तार हातात घेतली आणि टोकावरचं प्लॅस्टिक न सोलताच सेलला लावली. वरून, ‘ताई, तुमचा सेल संपलाय.’ पडद्यावर प्लॅस्टिक सोलावं लागत नाही, मग त्याला कुठून कळणार? कॉलेजच्या त्या मुलांनी लहानपणी एखादी विजेरी तरी उघडलेली असेल. माझ्याकडच्या अर्ध्यांनी नव्हती उघडली.

या मुलाचे वडील अंबडला विजेचे पॅनल जोडायच्या कामावर आहेत. नाशिकला स्विचगिअरचे, म्हणजे विजेच्या स्विच-ब्रेकरसारख्या सामानाचे, कारखाने बरेच, त्यामुळे सिडकोत अशी घरं पावलोपावली. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मुलाला न्यायला आले तेव्हा मी हसत हसत हा किस्सा सांगितला. त्यांना हसू आलं नाही. पुढच्या रविवारी ते तार सोलायचा वायर स्ट्रिपर, तारेच्या टोकाला लावायचे लग, ते दाबून बसवायची क्रिम्पिंगची पकड आणि एक जुना एमसीबी (धारा फार वाढली की आपोआप पडणारा स्विच) घेऊन आले आणि माझ्या हॉलमध्ये दोन तास बसले. एमसीबी का पडतो हे त्यांनी फेट्यातल्या पेटत्या बॅटरीवर समजावलं. आता नियम असा की जे डोळ्याला दिसत नाही ते आधी पडद्यावर, आणि त्याच आठवड्यात तोच प्रयोग हाताने.

भिंगांच्या पाठाला हे उलट केलं, आधी हात आणि मग पडदा. गच्चीच्या जिन्यात अंधार केला, दाराची फट ठेवली आणि एक साधं बहिर्वक्र भिंग धरलं. पांडवलेणीचा डोंगर कागदावर उलटा उतरला. दहावीची पोरं, पण दोन मिनिटं लहान झाली. भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर मोजलं की नाभीय अंतर मिळालं, कारण डोंगर पुरेसा लांब आहे. डोंगर काही जवळ आणता येत नाही, म्हणून मग फेटा. पडद्यावरची पेन्सिल भिंगाकडे सरकवत नेली, ती नाभीच्या आत शिरल्याबरोबर प्रतिमा पलीकडून गायब होऊन अलीकडे, सुलटी आणि मोठी. प्रतिमांचा तो तक्ता दर वर्षी पाठ करून घ्यावा लागायचा. यंदा मुलांनी स्वतः भरला, एका चुकीसकट.

रासायनिक समीकरणं संतुलित करायचा खेळही आहे. तो लवकर संपला, मुलांना आवडला, यापेक्षा त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सिम्युलेशन स्वतः काही शिकवत नाही. खेळाचा भाग सोडला तर चूक-बरोबर सांगत नाही. मोकळं सोडलं तर मुलं बॅटऱ्या पेटवत बसतात. प्रत्येक पाठासाठी प्रश्नांचा कागद मला करावा लागला, रात्री, भांडी आवरल्यावर. काही शब्द पुस्तकातल्या शब्दांशी जुळत नाहीत, म्हणून टीव्हीशेजारी एक तक्ता चिकटवलाय.

दुसरं म्हणजे बोर्डाच्या पेपरात माऊस नसतो. विज्ञान भाग १ चे ४० गुण लिहूनच मिळवायचे आहेत. सहामाहीत माझी सगळ्यात हुशार फेटेवाली तीन गुणांच्या प्रश्नाला दोन ओळी लिहून आली. विचारलं तर म्हणाली, ‘मला कळलंय ना, मग?’ दिवाळीनंतर प्रत्येक प्रयोगानंतर पाच ओळी लिहायच्या, पुस्तकी शब्दांत. या वेळी कुरकुर झाली, होऊ दे.

पैसे भरून घ्यायच्या अ‍ॅपबद्दल पालक विचारतात, म्हणून एवढंच सांगते. माझ्याकडच्या एका मुलीच्या आईने घरी आलेल्या एका प्रतिनिधीचं ऐकून अशा अ‍ॅपचा वर्षाचा हप्ता बांधून घेतला. धडे इंग्रजीत, मुलगी मराठी माध्यमात. तीन महिन्यांत अ‍ॅप उघडायचं थांबलं, हप्ता थांबला नाही. कागदावर सही करण्याआधी एक अख्खा धडा मुलीला एकटीला बघू द्यायचा आणि मग तिला विचारायचं, काय होतं त्यात?

नेटचं म्हणाल तर प्रत्येक सिम्युलेशन एकेक फाइल म्हणून उतरवता येतं, काही एमबींची असते, नंतर साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. पावसाळ्यात आमच्या गल्लीत नेट जायचं, शिकवणी थांबली नाही. लाइट गेली की टीव्ही बंद, मग लॅपटॉपभोवती अकरा डोकी, आणि सेकंडहँड बॅटरी चाळीस मिनिटं. नवीन कोणी घेणार असेल तर पडद्यापेक्षा बॅटरीला पैसे घाला. आणि माऊस दोन हवेतच. टचपॅडवर तार जोडताना मुलं चिडतात.

परवा ते पॅनलवाले वडील पुन्हा आले. कंपनीत नवीन लागलेल्या मुलांना दाखवायला त्यांना ती सर्किटची फाइल हवी होती. मी पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन, ‘ताई, उघडलं, पण सगळं इंग्रजीत दिसतंय.’ घाईत मी इंग्रजीची फाइल पाठवली होती. मराठीची वेगळी उतरवावी लागते.