भीती नेमकी कुठे आहे? लव्हक्राफ्ट, जेम्स, पो आणि ब्लॅकवुड: कमी पैशांतल्या भयपटासाठी कोणाची कथा घ्यावी

हातात पैसे थोडे, माणसं पाच-सहा, कॅमेरा उसना आणि डोक्यात घर करून बसलेली एखादी जुनी विलक्षण भयकथा. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि पहिली चूकही इथेच होते. जी कथा वाचताना सगळ्यात जास्त भेदरलो तीच करायची, असं ठरतं. मग पटकथा लिहायला बसल्यावर कळतं, की ती भीती एका विशेषणात होती, आणि विशेषणाचं शूटिंग करता येत नाही.

म्हणून कथा निवडण्याआधी ती पुन्हा वाचा आणि जिथे अंगावर काटा आला त्या ओळीवर बोट ठेवा. तिथे एखादा प्राणी किंवा राक्षस असेल, तर पैसा लागणार. एखादी जागा असेल, तर पायपीट आणि धीर लागणार. माणसाचं मन असेल, तर नट लागणार, आणि तोही साधासुधा चालणार नाही. खालच्या चार लेखकांकडे मी याच नजरेने पाहिलं आहे.

लव्हक्राफ्ट: सगळ्यांना हवा असलेला आणि सगळ्यांत फसवा

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्टच्या कथांत संवाद जवळजवळ नसतात, पात्रं मोजकी असतात आणि निवेदक कागदपत्रं वाचत वाचत एका भयंकर निष्कर्षाला पोचतो. वरवर पाहता हे स्वस्तातलं काम वाटतं. पण तो निष्कर्ष म्हणजे समुद्राच्या तळाशी झोपलेला देव किंवा अंटार्क्टिकातलं माणसाच्या आधीचं शहर असतं. 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' करायला गियेर्मो देल तोरोसारखा दिग्दर्शक तयार होता. सुमारे 15 कोटी डॉलरचं अंदाजपत्रक होतं, तरीही 2011 मध्ये स्टुडिओने माघार घेतली. तेव्हा आपल्या आवाक्यातला लव्हक्राफ्ट कोणता, हे आधी ठरवावं लागतं.

माझ्या मते याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे 1927 ची 'द कलर आउट ऑफ स्पेस'. एका शेतावर उल्का पडते आणि तिच्यातून आलेला रंग माणसाला माहीत असलेल्या कोणत्याच रंगासारखा नसतो. फळं टपोरी होतात पण कडू निघतात, झाडं-जनावरं राखाडी होऊन भुसभुशीत होतात, शेवटी घरातली माणसंही. आता जो रंग कोणी पाहिलेलाच नाही तो पडद्यावर कसा दाखवायचा? 1965 मध्ये डॅनियल हॅलरने बोरिस कार्लोफला घेऊन या कथेवर चित्रपट केला, पण त्यात उल्का जवळजवळ निमित्तमात्र उरली आणि कथेचं रूप ठराविक शापित वाड्याचं झालं. 2019 मध्ये रिचर्ड स्टॅनलीने निकोलस केजला घेतलं आणि पडदा किरमिजी-जांभळ्या उजेडाने भरून टाकला. ही निवड विचार करून केलेली वाटते, कारण किरमिजीला वर्णपटात स्वतःची अशी एक तरंगलांबी नसते. पण त्या उजेडासाठी आणि त्यातल्या विद्रूप देहांसाठी खर्च करावा लागला, तो दिसतोही.

या दोघांच्या मधे 2010 मध्ये हुआन वू याने 'डी फार्बे' हा जर्मन चित्रपट केला. त्याने कथा जर्मनीत आणली, चित्रपट कृष्णधवल ठेवला आणि फक्त ती परकी गोष्ट तेवढी रंगीत दाखवली. एवढंच. त्या जगातल्या पात्रांना रंग अनोखा वाटतो, कारण पडद्यावरच्या त्यांच्या जगात रंग असा नाहीच. लव्हक्राफ्टच्या अशक्य वाक्याला मिळालेलं इतकं सरळ उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते सुचायला पैसे लागत नाहीत. लव्हक्राफ्ट घ्यायचाच असेल तर आधी असं एखादं उत्तर सापडतं का ते बघा. सापडलं नाही तर ती कथा बाजूला ठेवा. 'एडिटिंगमध्ये काहीतरी करू' या भरवशावर शूटिंगला निघू नका.

दुसरा रस्ता काळाचं सोंग घेण्याचा. लव्हक्राफ्टच्या नावाने चालणाऱ्या 'एच. पी. लव्हक्राफ्ट हिस्टॉरिकल सोसायटी'ने 2005 मध्ये 'द कॉल ऑफ कथुलू' केला. कथा छापून आली 1928 मध्ये. त्याच काळात चित्रपट निघाला असता तर कसा दिसला असता, या कल्पनेवर तो बेतला आहे. मूकपट, कृष्णधवल, सुमारे पाऊण तासाचा, दिग्दर्शक अँड्र्यू लेमन. छोट्या प्रतिकृती आणि स्टॉप मोशनने (बाहुली किंचित हलवत एकेक चौकट टिपून) हलणारा राक्षस आजच्या भयपटात हास्यास्पद ठरला असता. तिथे तो शोभतो, कारण त्या काळच्या चित्रपटात तो असाच दिसला असता, हे प्रेक्षक आपणहून मान्य करतो. संवादमुद्रणाचा खर्चही वाचतो. मात्र हे सोंग अर्धवट घेतलं तर चालत नाही. पोशाख, प्रकाशयोजना, अभिनय आणि अथपासून इतिपर्यंतचं संगीत, सगळं त्याच काळातलं हवं. याच मंडळींनी 2011 मध्ये 'द व्हिस्परर इन डार्कनेस' 1930 च्या दशकातल्या बोलपटाच्या थाटात केला. मला तो पहिल्याइतका भिडला नाही. पात्रं बोलायला लागली की प्रेक्षक त्यांना आजच्या मापाने मोजू लागतो.

तिसरा रस्ता नेमका उलटा: कल्पना उचलायची आणि बाकी सोडून द्यायचं. स्टुअर्ट गॉर्डनच्या 1985 च्या 'री-अ‍ॅनिमेटर'ने तेच केलं. दहा लाख डॉलरच्या आत, आजच्या काळातलं रुग्णालय, रक्ताचा चिखल आणि बोचरा विनोद. ज्या कथामालेवर तो आहे ती लव्हक्राफ्टला स्वतःलाही फारशी आवडत नव्हती. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: दुबळ्या कथेचं रूपांतर करताना हात मोकळे राहतात. पण रक्त स्वस्त असतं हा गैरसमज काढून टाका. प्रत्येक रिटेकला नट धुऊन काढायचा, कपडे बदलायचे, फरशी पुसायची, रंगभूषा पुन्हा करायची. दिवसभरात वीस शॉट व्हायचे तिथे सहा होतात.

एम. आर. जेम्स: चादर, शिट्टी आणि रिकामा किनारा

मॉन्टेग्यू ऱ्होड्स जेम्स केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात प्रोव्होस्ट, म्हणजे कॉलेजचा प्रमुख, होता. ख्रिसमसच्या सुमारास खोलीत जमलेल्या मित्रांना वाचून दाखवायला तो भूतकथा लिहायचा. त्यामुळे त्या एका बैठकीत संपतात, आणि त्यांतली भीती बहुधा हातात मावणाऱ्या वस्तूला चिकटलेली असते. कमी पैशांत काम करणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही.

1904 च्या संग्रहातली 'ओ, व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड' घ्या. एक प्राध्यापक समुद्रकाठच्या हॉटेलात उतरतो, जुन्या अवशेषांत त्याला शिट्टी सापडते, तो ती वाजवतो. खोलीत दुसरा पलंग रिकामा आहे. पुढे काय होणार हे कळत असतं, तरी वाचायचा धीर होत नाही. 1968 मध्ये जोनाथन मिलरने बीबीसीसाठी यावर कृष्णधवल चित्रपट केला. मायकेल हॉर्डर्नचा प्राध्यापक पुटपुटतो, स्वतःशीच गुणगुणतो, जेवताना घोगरे आवाज काढतो. शेवटी भूत म्हणून आपल्याला दिसतं ते एक कापड, संथ गतीत हललेलं, आणि त्याबरोबर विरूप केलेला आवाज. हा शेवट मी पहिल्यांदा लॅपटॉपच्या स्पीकरवर पाहिला आणि पुढे गेलो. हेडफोन लावून पुन्हा पाहिला तेव्हा मात्र हात थंड पडले. तेव्हा तुमचे पैसे कॅमेऱ्याच्या भाड्यातून काढून आवाजाकडे वळवा. जेम्स करताना हे सर्वांत फळतं.

मिलरने भूत जवळजवळ त्या माणसाच्या मनात ढकललं, यावर जेम्सचे चाहते नाराज असतात आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. जेम्सचं भूत खरोखर तिथे असतं आणि ते दुष्ट असतं. 'सगळा मनाचा खेळ' ही सोपी पळवाट आहे. कमी पैशांत काम करणारे आपण सगळेच तिच्याकडे ओढले जातो.

ती पळवाट न घेताही जमतं, हे दिग्दर्शक लॉरेन्स गॉर्डन क्लार्कने दाखवलं. 1971 पासून बीबीसीवर दर ख्रिसमसला एक भूतकथा यायची. त्यातला 1972 चा 'अ वॉर्निंग टू द क्युरियस' नॉरफोकच्या किनाऱ्यावर 16 मिमी फिल्मवर चित्रित झाला. पुरलेला मुकुट खणून काढणाऱ्या पॅक्स्टनच्या मागे एक आकृती लागते. ती दूर झाडांत उभी असते, चौकटीच्या कडेला असते, आणि पुष्कळदा प्रेक्षकाला पॅक्स्टनच्या आधी दिसते. यात खर्च एका माणसाचा आणि एका काळ्या कोटाचा. शिवाय एक शहाणा बदल आहे: कथेतला पॅक्स्टन तरुण हौशी आहे, चित्रपटात तो नोकरी गेलेला मध्यमवयीन कारकून आहे. त्यामुळे मुकुट ही त्याची गरज होते. जेम्सची पात्रं पातळ असतात आणि बायका तर कथांत जवळपास नसतातच. रूपांतर करणाऱ्याने भर घालायची ती इथे.

आणि राक्षस दाखवायचा मोह? जेम्सच्या 'कास्टिंग द रून्स' या कथेवरचा 1957 चा 'नाइट ऑफ द डेमन' पाहा. दिग्दर्शक जॅक टूर्नरला आडपडदा हवा होता, पण निर्मात्याने सुरुवातीलाच राक्षस पडद्यावर आणला. त्या राक्षसावरून आजही वाद होतात. शापाची चिठ्ठी मात्र कोणी विसरत नाही. ती जिवंत असल्यासारखी शेकोटीकडे झेपावते. एवढ्याला एक दोरा आणि थोडा वारा पुरतो.

जेम्सची खरी किंमत वेळेत मोजावी लागते. रिकामा किनारा, ओस पडलेलं देऊळ किंवा चर्च, तिरका उजेड यांची वाट पाहावी लागते. युनिटला घाई असेल तर जेम्स घेऊ नका.

पो: घर हवं आणि नट हवा

एडगर अ‍ॅलन पोची 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' (1839) म्हणजे तीन माणसं आणि एक घर. रॉजर कॉर्मनने ती 1960 मध्ये 15 दिवसांत, रंगीत आणि रुंद पडद्यावर केली. यात राक्षस कुठे आहे, असं पैसे देणाऱ्यांनी विचारलं तेव्हा घरच राक्षस आहे, असं त्याने सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. जळत्या कोठाराचं एकदा घेतलेलं चित्रण त्याने पुढच्या चित्रपटांतही वापरलं. ही काटकसर शिकण्यासारखी आहे. पण ते चित्रपट उभे आहेत त्यांतला प्रमुख नट व्हिन्सेंट प्राइस याच्या आवाजावर. पोच्या कथेत घटना थोड्या आणि बोलणं फार. दुय्यम नटाच्या तोंडी ते बोलणं नाटकी होतं, आणि व्हॉइस-ओव्हरमध्ये टाकलं तर चित्रपटाचं श्राव्य पुस्तक होतं.

शिवाय पो लांबीला पुरत नाही. 'द पिट अँड द पेंड्युलम'मध्ये (1961) पटकथाकार रिचर्ड मॅथिसनला मूळ कथा शेवटच्या भागात ठेवून आधीचं सगळं स्वतः रचावं लागलं. वीस मिनिटांचा लघुपट करणार असाल आणि ओळखीत एक खरोखरचा कसलेला नट असेल तर पो उत्तम. नाही तर नको.

ब्लॅकवुड: ज्याला अजून न्याय मिळायचा आहे

अल्जर्नन ब्लॅकवुडची 'द विलोज' (1907) कागदावर सगळ्यात स्वस्त आहे. दोन माणसं, एक होडी, पूर आलेली डॅन्यूब, वाळुंजांच्या (विलोच्या) झुडपांनी भरलेलं बेट. रात्री घुमणारा घंटेसारखा नाद, वाळूत उमटलेले नरसाळ्याच्या आकाराचे खळगे, नाहीसं झालेलं वल्हं. सगळं दाखवता येण्याजोगं आणि काहीही न बांधता. फक्त ते पाणी आहे हे विसरू नका. वाहत्या पाण्यात सुरक्षेसाठी दुसरी होडी आणि पोहणारी माणसं लागतात, सकाळची पातळी दुपारी राहत नाही, आणि जागेवर घेतलेला आवाज बहुतेक टाकून द्यावा लागतो. नंतर स्टुडिओत सगळं उभं करायचं: डबिंग, फॉली (पावलं, पाणी, कपडे यांचे आवाज नंतर वेगळे तयार करणं), आणि तो नाद. आवाजावर मनापासून प्रेम करणारा एक साथीदार असेल तर मी जेम्सच्याही आधी ही कथा घेईन. प्रवाहाऐवजी धरणाचं संथ पाणी वापरून जमेल, असं मात्र समजू नका. बेट तासातासाला खचत जातं, ही कथेची निम्मी धास्ती आहे.

हक्कांचं

लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं हा नियम जिथे आहे तिथे हे चौघेही आता मोकळे आहेत: पो 1849 मध्ये गेला, जेम्स 1936 मध्ये, लव्हक्राफ्ट 1937 मध्ये. ब्लॅकवुड 1951 मध्ये गेल्यामुळे त्याच्या कथा 2022 पासून खुल्या झाल्या. अमेरिकेत त्या काळच्या साहित्याची मुदत प्रकाशनापासून 95 वर्षं मोजतात. त्यामुळे जेम्स, लव्हक्राफ्ट आणि ब्लॅकवुडच्या उशिराच्या कथांचं वर्ष तपासून घ्या. लव्हक्राफ्टच्या जगात इतरांनी नंतर घातलेली भर, विशेषतः 1971 मध्ये वारलेल्या ऑगस्ट डर्लेथची, त्याच्या कथांबरोबर आपोआप मोकळी होत नाही. कथा अनुवादात वाचली असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो; पटकथा मूळ मजकुरावरून लिहा.

जुन्या चित्रपटांचंही तसंच. मुकुट खणणारा पॅक्स्टन जेम्सच्या कथेतून घ्या. त्याची गेलेली नोकरी ही 1972 च्या पटकथेची भर आहे. तुमच्या पॅक्स्टनला मुकुट का हवा, ते तुम्हालाच शोधावं लागेल.