मेणाची, तेलाची की पाण्यात विरघळणारी? ठाणे-नवी मुंबईतील चित्रकारासाठी रंगीत पेन्सिलींचा तुलनात्मक आढावा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांनंतर बाजूला पडलेली चित्रकला अनेक जण पुढे रंगीत पेन्सिलींच्या निमित्ताने पुन्हा हाती घेतात, आणि अशा वेळी सर्वाधिक मोह १२० रंगांच्या मोठ्या डब्याचा होतो. तो डबा घेण्यापूर्वी हा आढावा वाचावा. माझे मत असे की, आपण काय चितारणार आहोत हे आधी ठरवावे, त्याला साजेसा कागद निवडावा आणि पेन्सिलींचा विचार त्यानंतर करावा. ठाणे आणि नवी मुंबईत विषयांची वाण नाही. मात्र इथली हवा दमट आहे, आणि विषय व हवा या दोहोंचा साहित्याच्या निवडीशी थेट संबंध येतो.

रंगीत पेन्सिलीच्या शिशात रंगद्रव्य, केओलिन किंवा टाल्कसारखी भरीची पूड, हे मिश्रण धरून ठेवणारा बंधक आणि मेण किंवा तेल असे घटक असतात. साध्या काळ्या पेन्सिलीचे शिसे भट्टीत भाजतात; रंगीत शिसे तसे भाजत नाहीत, म्हणून ते अधिक मऊ व ठिसूळ राहते. मेणाचे प्रमाण जास्त असेल तर पेन्सिल कागदावर लोण्यासारखी सरकते, रंग लवकर गडद होतो आणि गडद थरावर फिकट थर बऱ्यापैकी बसतो. तेलाधारित पेन्सिल किंचित कडक असते, तिचे टोक अधिक वेळ टिकते आणि पातळ थरांवर थर चढवता येतात. मेणाच्या पेन्सिलींची एक अडचण अशी की, जाड थर दिलेल्या गडद भागावर काही दिवसांनी मेण वर येऊन पांढरट धुरकटपणा दिसू लागतो. तो मऊ सुती कापडाने हलकेच पुसता येतो आणि शेवटी फिक्सेटिव्हचा (चित्रावरचा रंग पक्का करणाऱ्या द्रवाचा) पातळ फवारा दिल्यास सहसा परत येत नाही; तरीही गडद पार्श्वभूमीची चित्रे करणाऱ्याने ही बाब ध्यानात ठेवावी.

प्रत्यक्ष निवड करताना तीन नावे वारंवार समोर येतात. फाबर-कास्टेल या जर्मन कंपनीची पॉलिक्रोमोस ही मालिका १९०८ पासूनची असून तिच्यात १२० रंग आहेत. ती तेलाधारित आहे आणि शिशाची जाडी ३.८ मिलिमीटर आहे. प्रिझ्माकलर प्रीमियर मेणाधारित, अतिशय मऊ आणि १५० रंगांची आहे. स्वित्झर्लंडमधील कारान दाश कंपनीची ल्युमिनन्स हीदेखील मेणाधारित आहे. तिच्यात १०० रंग आहेत आणि ती प्रामुख्याने रंग टिकण्याच्या कसोटीवर घडवलेली आहे. तिची पांढरी पेन्सिल गडद रंगावर ठळकपणे उमटते, तर पॉलिक्रोमोसची पांढरी अधिक पारदर्शक आहे. ल्युमिनन्स तिन्हींत सर्वांत महाग पडते. पक्ष्यांची पिसे, पानांच्या शिरा, जुन्या दगडी बांधकामाचे पोत असे बारीक काम ज्यांना करायचे आहे, त्यांनी पॉलिक्रोमोसचा २४ किंवा ३६ रंगांचा डबा घ्यावा आणि त्याला जोड म्हणून ल्युमिनन्सची एकच पांढरी पेन्सिल सुटी मिळवावी, असे मी आग्रहाने सुचवेन. चेहरे, फळे, मऊ कापड यांची आवड असेल तर मेणाची पेन्सिल अधिक आनंद देते.

पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिलींचा प्रश्न वेगळा आहे. फाबर-कास्टेलच्या आल्ब्रेख्त ड्यूरर मालिकेतील रंगांचे क्रमांक पॉलिक्रोमोसशी जुळतात, त्यामुळे दोन्ही एकत्र वापरणे सोपे जाते. डरवेंटची इंकटेन्स वेगळ्या गुणाची आहे: ओली करून एकदा वाळली की तिचा रंग पुन्हा विरघळत नाही, म्हणून तिच्यावर निर्धास्तपणे दुसरा थर देता येतो. मोठे आकाश किंवा खाडीचे पाणी झटपट भरून घ्यायचे असेल तर या पेन्सिली फार उपयोगी पडतात. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाण्याचा हात वाळायला फार वेळ घेतो, आणि उघड्यावर बसून काम करताना पावसाचा एक थेंबही डाग पाडतो. तेव्हा ही खरेदी दिवाळीनंतर केलेली बरी.

शालेय पेन्सिलींना मी कमी लेखत नाही. १९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनच्या पेन्सिलींवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी वस्तुचित्र आणि स्मरणचित्र गिरवले आहे, आणि सरावासाठी त्या आजही पुरतात. त्यांत भरीची पूड जास्त व रंगद्रव्य कमी असल्याने तीन-चार थरांनंतर कागद गुळगुळीत होऊन रंग धरत नाही, एवढीच त्यांची मर्यादा आहे. एकाच कंपनीच्या शालेय आणि कलावंतांच्या अशा दोन्ही मालिका बाजारात असतात, त्यामुळे कंपनीच्या नावासोबत मालिकेचे नावही डब्यावर वाचून घ्यावे.

आता कागद. पेन्सिल कितीही उत्तम असली तरी कागदाच्या पोताला जेवढे थर झेपतात तेवढेच चित्र खोल होते, आणि म्हणूनच माझ्या मते खर्चाचा पहिला मान कागदाचा आहे. गुळगुळीत ब्रिस्टल कागदावर रेषा स्वच्छ उमटते, बारकावे सुंदर येतात, पण थर लवकर संपतात. फाब्रियानो आर्टिस्टिकोचा हॉट प्रेस, म्हणजे दाबून सपाट केलेला, कागद पूर्ण सुती आणि दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा मिळतो. तो मऊ दाणेदार असतो, पुष्कळ थर सोसतो आणि पाण्याचा हलका हातही सहन करतो. दोहोंपैकी एकच घ्यायचा तर मी हा घेईन. कॅन्सनचा मी-टांट हा रंगीत कागद १६० ग्रॅमचा असून त्याच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखा ठळक पोत असतो. रंगीत पेन्सिलीसाठी दुसरी, तुलनेने सपाट बाजू वापरावी. करड्या किंवा फिकट तपकिरी मी-टांटवर पांढऱ्या पक्ष्याचे चित्र अर्ध्या श्रमात उठून दिसते, कारण मधली छटा कागदच पुरवतो. पुण्यात १९४० पासून हातकागद तयार होतो आणि त्याचा खडबडीत पोत निसर्गचित्राला शोभतो, पण पिसांसारख्या कामात तो पोत रेषेच्या आड येतो.

विषयांच्या बाबतीत या भागात राहणारा चित्रकार भाग्यवान आहे. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. थंडीपासून मेपर्यंत इथे लहान आणि मोठा अशा दोन्ही जातींचे फ्लेमिंगो दिसतात. मोठा फ्लेमिंगो बहुतांशी पांढरा असतो, त्याची चोच गुलाबी व टोकाशी काळी असते. लहान जातीचा रंग अधिक गडद गुलाबी आणि चोच काळपट लाल असते. पिल्ले करडी-तपकिरी असतात. त्यामुळे थवा रंगवायला केवळ गुलाबी पेन्सिल पुरत नाही: थंड करडा, फिकट निळा, गेरूचा पातळ हात आणि सर्वांत शेवटी गुलाबी, असा क्रम ठेवल्यास पक्षी चिखलाच्या पार्श्वभूमीपासून नैसर्गिकपणे वेगळा होतो. ऐरोलीहून निघणाऱ्या बोटीतून पक्षी जवळून दिसतात, पण हलत्या बोटीत रेखाटन जमत नाही, तिथे छायाचित्रेच काढावीत. नेरुळच्या पाणथळ जागांवर भरतीच्या वेळी पक्षी गोळा होतात आणि काठावर शांतपणे बसून पानभर ठेवणी टिपता येतात. रेखाटनाचा सराव ज्याला हवा त्याने नेरुळ निवडावे. इंटरनेटवरील दुसऱ्याच्या छायाचित्रावरून केलेले चित्र प्रदर्शनात मांडताना हक्काचा प्रश्न उभा राहतो, हेही स्वतःच्या छायाचित्रांच्या बाजूने एक मोठे कारण आहे.

ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलाची गोष्ट निराळी. पावसाळ्यातली येऊरची हिरवाई पाहून डब्यातील हिरव्या पेन्सिलींकडे हात जातो, पण त्यांतल्या बऱ्याच निळसर आणि भडक असतात. खाली पिवळ्या मातकट रंगाचा थर आणि वरून थोडा लाल-तपकिरी दिला की पान खरे वाटू लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे पळस आणि काटेसावर फुलतात, आणि निष्पर्ण फांद्यांवरचा तो केशरी-लाल रंग मेणाच्या मऊ पेन्सिलीने जितका भरघोस येतो तितका कडक पेन्सिलीने येत नाही. घराबाहेर पडणे शक्य नसेल तर वाशीच्या बाजारातून आलेले डाळिंब, सीताफळ किंवा हापूस खिडकीच्या एकाच बाजूच्या उजेडात ठेवून वस्तुचित्र करावे. छायाप्रकाश शिकण्यासाठी याहून चांगला विषय नाही.

दमट हवेत कागद ओलावा शोषतो, मऊ पडतो आणि बुरशी धरतो. कोरा कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा, आणि पूर्ण झालेले चित्र काचेला टेकणार नाही अशा रीतीने माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावूनच फ्रेम करावे.

चित्र विकायचे किंवा कुणाला द्यायचे असेल तर रंगाचा टिकाऊपणा हाच निवडीचा मुख्य निकष ठरतो. पॉलिक्रोमोसच्या प्रत्येक पेन्सिलीवर एक ते तीन तारे छापलेले असतात आणि तीन तारे सर्वाधिक टिकाऊपणा दाखवतात. गुलाबी आणि जांभळ्या छटा बहुतेक मालिकांत कच्च्या असतात, तर गेरूसारखे मातीचे रंग भरवशाचे असतात. फ्लेमिंगोचे चित्र करणाऱ्याला हा भेद सर्वांत अधिक भोवतो. म्हणून चांगल्या कागदावर आपल्या सर्व गुलाबी पेन्सिलींचे पट्टे काढावेत, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकावा आणि मार्च ते मे हे महिने ते पान उन्हाच्या खिडकीत ठेवावे. जो पट्टा उघड्या भागात फिका पडेल, ती पेन्सिल वहीतील सरावापुरती ठेवावी आणि तिच्या जागी अधिक तारे असलेली एक सुटी पेन्सिल विकत घ्यावी.