फुगा, स्टेंट की बायपास? ‘९५ टक्के यश’ ऐकल्यानंतरचे प्रश्न

अँजिओप्लास्टीचे, म्हणजे हृदयाची अडलेली धमनी छाती न उघडता आतून फुग्याने रुंद करण्याचे, यश ९५ टक्क्यांच्या वर, असे डॉक्टर सांगतात ते खरे आहे. पण हा आकडा फक्त त्या दिवसाचा: टेबलावर धमनी मोकळी झाली की नाही. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमधून अँजिओग्राफीची (धमन्यांतले अडथळे दाखवणाऱ्या तपासणीची) सीडी घेऊन फोंड्याला किंवा काणकोणला परतलेल्या कुटुंबाने पुढच्या वर्षांचे विचारावे.

१९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाची धमनी पहिल्यांदा फुग्याने रुंद केली. नुसत्या फुग्याच्या त्या काळात काहींची धमनी चिरून तिथेच बंद पडे आणि तातडीने बायपास (छाती उघडून अडथळ्याला वळसा देणारी रक्तवाहिनी जोडण्याची शस्त्रक्रिया) करावी लागे. ज्यांचे जमले, त्यांच्यातही ३० ते ४० टक्के लोकांची धमनी सहा महिन्यांत पुन्हा आवळायची. साध्या धातूच्या स्टेंटने (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीने) हे प्रमाण २० ते ३० वर आणले, औषध लावलेल्या स्टेंटने साधारण १० च्या आत. तातडीची बायपास आता शंभरात एकालाही लागत नाही. त्यामुळे आज कोणी स्टेंटशिवाय फुगा सुचवला तर कारण विचारा. जुन्या स्टेंटमध्येच पुन्हा अडथळा झाला असेल, तर औषध लावलेला फुगा हे चांगले उत्तर आहे.

खरा पेच स्टेंट की बायपास हा, आणि तो बहुधा मधुमेहावर सुटतो. मधुमेह असून अनेक धमन्यांत ब्लॉकेज असलेल्यांवरच्या २०१२ च्या ‘फ्रीडम’ चाचणीत पाच वर्षांत मृत्यू आणि हार्ट अटॅक बायपासवाल्यांत कमी होते. पक्षाघात मात्र त्यांच्यात जास्त, ५.२ टक्के, स्टेंटवाल्यांत २.४. छाती उघडायची म्हटले की घरचे कचरतात, तरी अशा रुग्णासाठी माझा कल बायपासकडेच. एकाच धमनीत अडथळा असेल तर बहुतेकदा स्टेंट पुरतो. चढावर चालतानाच दुखत असेल आणि मुख्य धमनी ठीक असेल, तर आधी गोळ्यांचाही पर्याय आहे: २००७ च्या ‘करेज’ चाचणीत अशा रुग्णांत स्टेंटने दुखणे कमी झाले, मृत्यू किंवा अटॅक मात्र कमी झाले नाहीत.

अँजिओप्लास्टीत रक्तस्रावाचा धोका मनगटातून गेल्यास जांघेपेक्षा कमी. धमन्या दिसाव्यात म्हणून टोचतात त्या डायमुळे मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा) रिपोर्ट आधी दाखवा.

छातीत कळ चालू असताना मात्र ही तुलना करत बसू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढा, गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन तिथेच मिळू शकते, मग बांबोळी.

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने, अटॅकनंतर वर्षभर. चवथीच्या गडबडीत किंवा दात काढायचा म्हणून त्या परस्पर थांबवल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दंतवैद्याला आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलायला सांगा.