एक्स्पोर्टची फाइल फुगली: बिटरेट ठरवावा की सीआरएफ?

भाचीने हळदीचा १० मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्ट केला, तर फाइल ३.७५ जीबी! कारण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारा डेटा, ५० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद). बिटरेट गुणिले सेकंद भागिले ८ (८ बिटचा एक बाइट), एवढाच हिशोब. दृश्य शांत असो की धावपळीचं.

आता बिटरेट उतरवायचा की सीआरएफ (साइजऐवजी दर्जा ठरवणारी सेटिंग) वापरायचा, यात ती अडकली आहे. साइज आधीच कळतो तो बिटरेटमध्ये: ८ एमबीपीएस ठेवला की साधारण ६०० एमबी. सीआरएफमध्ये साइजचा नेमका अंदाज लागत नाही, पण दर्जा सांभाळला जातो. पाटावर बसलेल्या नवरीला कमी डेटा, उधळणाऱ्या हळदीला जास्त. मला हेच योग्य वाटतं. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये १०८०पीला सीआरएफ २० ते २४ ठेवा, आकडा वाढला की फाइल लहान. वेळ टू-पास बिटरेटला जास्त लागतो, कारण त्यात व्हिडिओवर दोन फेऱ्या होतात.

साइजची मर्यादा असेल तर बिटरेट. घरच्या संग्रहाला बिनधास्त सीआरएफ.