जुनी ब्रनो मॉडेल टू, पॉइंट टूटू: गोव्यात दोन पावसाळे काढल्यानंतर

माझ्या रायफलीच्या बॅरलवर ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असं कोरलंय, म्हणजे १९९३ च्या आधीची हे नक्की, कारण त्यानंतर तो देशच उरला नाही. ब्रनो मॉडेल टू, पॉइंट टूटू एलआर (म्हणजे ०.२२ इंची लहान काडतुसाची), बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा दांडा हाताने उचलून मागे ओढायचा), पाच राउंडचं काढता येणारं मॅगझिन, लाकडी स्टॉक, मागची साइट सरकवायची आणि तिच्यावर अंतराचे आकडे कोरलेले. सेकंडहँड घेतली. डिचोलीत माझ्या घरी दोन पावसाळे काढलेत तिने, त्यामुळे आता चांगलं-वाईट दोन्ही लिहू शकतो. २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये रायफलच्या ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत, दादा स्वस्तातली पॉइंट टूटू कुठली घेऊ, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे ते बाहेरचे व्हिडिओ बघून यादी करू नका. तिकडे सीझेड ४५७, सॅव्हेज मार्क टू, रुगर अमेरिकन रिमफायर, थोडे जास्त पैसे असले तर टिक्का टी वन एक्स, ही सगळी ‘परवडणारी’ मंडळी, आणि रायफली खरंच चांगल्या आहेत, पण आपल्याकडे साधा परवानेवाला दुकानात जाऊन नवी इंपोर्टेड रायफल उचलू शकत नाही, आयात ही मुख्यतः नामांकित नेमबाजांसाठी आहे. मग आपल्या हातात उरतं काय, तर भारतात बनलेली नवी स्पोर्टिंग रायफल, नाहीतर पूर्वी कधीतरी आलेल्या आणि आता एका लायसन्सवरून दुसऱ्या लायसन्सवर फिरणाऱ्या जुन्या ब्रनो, बीएसए, ॲनशुट्झ. ॲनशुट्झ टार्गेटवाली मिळाली तर सोनं, पण किंमत पण सोन्याची. त्यांच्यात ६४ ॲक्शनची (ॲक्शन म्हणजे बोल्टची मूळ यंत्रणा, तिचे हे दोन प्रकार) ५४ पेक्षा स्वस्त असते एवढं लक्षात ठेवा, आणि सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत आपल्यासारख्याला त्या दोघींतला फरक कळणार पण नाही.

आणि हे घेण्याआधी एक वर्ष तरी क्लबची रायफल वापरा. मी कॉलेजात एनसीसीत पंचवीस यार्डावर पाच-पाच राउंड मारले होते तेवढ्यावरच मला वाटायचं की आपल्याला जमतं. क्लबमध्ये एक सीझन काढल्यावर कळलं की माझा हात लहान आहे, स्टॉक लांब पडतो, आणि मला ट्रिगर हलका नाही तर स्वच्छ तुटणारा लागतो. हे आधी कळलं नसतं तर पैसे चुकीच्या ठिकाणी गेले असते.

तसे ते जवळजवळ गेलेच होते. पहिली रायफल मी एका दुकानात बघितली, दुकान कुठलं ते राहू दे. बाहेरून नवरीसारखी सजवलेली, ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) नवं, पॉलिश नवं, दुकानदार म्हणाला वापरलेलीच नाही हो ही. मी बोल्ट काढून मागून टॉर्च मारली आणि आत बघितलं तर चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे दोनेक इंचावर काळे खड्डे, गंज खाऊन गेलेले. त्याला म्हटलं हे काय, तर म्हणे तेल आहे. पॅच, म्हणजे बॅरल पुसायचा कापडाचा तुकडा, मागितला, फिरवला, खड्डे तिथेच. तिथून उठलो. आपल्याकडच्या दमट हवेत नुसती ठेवून दिलेली रायफल ही रोज चालवलेल्या रायफलीपेक्षा जास्त खराब असू शकते, त्यामुळे ‘वापरलेलीच नाही’ हे ऐकलं की मला आता भीतीच वाटते. पॉइंट टूटूची गोळी मऊ शिशाची, दाब कमी, बॅरल झिजायला हजारो हजार राउंड लागतात. बॅरल मरते ती गंजाने आणि साफसफाईच्या चुकीच्या रॉडने.

माझी ही ब्रनो मिळाली कोल्हापूरला, एका वयस्कर काकांकडे, खांदा दुखतो म्हणून त्यांनी खेळणं सोडलेलं. आंबोली घाटातून गेलो, त्यांनी आधी चहा पाजला आणि मग मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, रिकामी असल्याचं दाखवून रायफल हातात दिली. ‘बघा की निवांत, घाई कशाला’ म्हणाले. मी काय काय बघितलं ते सांगतो, कारण हेच तुम्हालाही बघायचंय. टॉर्च मारून बॅरल, विशेषतः चेंबरपुढचा भाग. तोंडाकडची कड, म्हणजे क्राउन, तिथे खरचटलेलं असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही ग्रुप येणार नाही, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागणार नाहीत, आणि पुढून रॉड घालणाऱ्या लोकांच्या रायफलीत हे हमखास असतं. मग बोल्ट बंद करून किती हलतो ते, एक्स्ट्रॅक्टर रिकामी केस पकडून नीट बाहेर फेकतो का ते. चेंबरच्या कडेला फायरिंग पिनचा ठसा उमटलाय का हे पण बघा, कारण रिमफायरमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर बसते, आत काही नसताना ट्रिगर ओढत राहिलं तर ती थेट चेंबरच्या लोखंडावर बसते आणि तिथे खाच पडते, मग केस अडकायला लागते. काकांनी वीस वर्षं स्नॅप कॅप (कोऱ्या सरावासाठीचं खोटं काडतूस) वापरली होती, खाच नव्हती.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. परवान्याचा अर्ज ऑनलाइन एनडीएएल (शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीच्या) पोर्टलवर, आपल्या उत्तर गोव्याचं काम पणजीला कलेक्टर ऑफिसात, पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल, सेफ हँडलिंगचं ट्रेनिंग सर्टिफिकेट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा मिळतो आणि साध्या माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. पण सेकंडहँडवाल्यांनी एक गोष्ट नीट वाचा: खाजगी माणसाकडून घेताना विकणाऱ्याने आधी मॅजिस्ट्रेटला किंवा पोलिसांना लेखी कळवायचं आणि ४५ दिवस जाऊ द्यायचे, त्याच्या आत हत्यार हलवायचं नाही. शिवाय राज्य बदलत असेल तर तुमच्या परवान्याची हद्द कुठपर्यंत आहे ते बघा, एनओसी वगैरे दोन्हीकडचं घ्या. मी ते ४५ दिवस कॅलेंडरवर खुणा करून काढले. काकांनी तोवर दुसऱ्या कोणाला दिली नाही, फोन करून सांगायचे ‘तुमची आहे ती, चिंता नको’. किंमत सांगायची तर नव्या स्कूटरपेक्षा बरीच जास्त आणि जुन्या चारचाकीपेक्षा कमी, म्हणजे स्वस्त म्हणावं तर तेवढंच स्वस्त.

आता चालते कशी. बोल्ट ९० अंश उचलायला लागतो, नव्या सीझेड ४५७ मध्ये तो ६० अंशात उचलतो त्यामुळे त्यांना स्कोपखालून (वर बसवलेल्या दुर्बिणीखालून) बोट घालणं सोपं जातं, ब्रनोत अंगठा स्कोपला घासतो. हा एकच मुद्दा मला रोज जाणवतो. बाकी बोल्ट लोण्यासारखा, जुन्या लोखंडाला जो एक गुळगुळीतपणा येतो तो नव्या वस्तूला पैसे देऊन येत नाही. वर स्कोप बसवायला ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच आहे, तिच्या रिंग सहज मिळतात. ट्रिगर थोडा लांब पण एकसारखा, आणि एकसारखा असला की सवय होते. टार्गेट मॅचसाठी खास केलेली ही रायफल नव्हे, स्टॉक हलका, गालाची उंची ॲडजस्ट होत नाही, मी फोमचा तुकडा पट्टीने बांधलाय. ज्याला थेट स्टेट लेव्हलला थ्री पोझिशन खेळायचंय त्याने ही घेऊ नये, त्याने क्लबची टार्गेट रायफल वापरत राहावी आणि पैसे साठवावेत. ज्याला स्वतःची रायफल हवी, प्रोनमध्ये (आडवं झोपून) शांतपणे ५० मीटर मारायचंय, शिकायचंय, त्याच्यासाठी यापेक्षा चांगली वस्तू या पैशात मला तरी दिसली नाही.

काडतुसांबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे कारण लोक रायफलीवर सहा महिने विचार करतात आणि काडतूस मिळेल ते घालतात. पॉइंट टूटू घरी रीलोड करता येत नाही, डब्यात आलं तेच मारायचं, आणि प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते, अगदी एकाच कंपनीच्या दोन रायफलींची सुद्धा. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. स्टँडर्ड व्हेलॉसिटीवाली साधारण ३२०-३३० मीटर सेकंदाला जाते, आवाजाचा वेग आपल्याकडच्या तीस डिग्रीच्या हवेत ३५० च्या आसपास, म्हणजे ती पहिल्यापासून आवाजाच्या खालीच राहते आणि शांत जाते. हाय व्हेलॉसिटीवाली आवाजापेक्षा वर निघते आणि वाटेत खाली उतरताना हलते, टार्गेटला तिचा उपयोग नाही. मी तीन प्रकारचे डबे मित्रमंडळींकडून रेंजवरच थोडे थोडे मागून, वाऱ्याविना सकाळी, एकेकाचे पाच पाच राउंडचे चार ग्रुप मारले. एका डब्याने ग्रुप मुठीएवढा पसरला, एसके स्टँडर्ड प्लस नावाच्या डब्याने दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकेल एवढा, आणि त्यापेक्षा महाग डब्याने तेवढाच. म्हणजे माझ्या बॅरलला महाग डब्याची गरजच नाही. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, तेव्हा नाण्याएवढा ग्रुप म्हणजे काय हे ज्याने मारलंय त्याला कळेल. डबा बदलल्यावर पहिले दहा-पंधरा राउंड मोजू नका, आधीच्या गोळ्यांचं मेण आत बसलेलं असतं, नवं मेण बसेपर्यंत बॅरल जागेवर येत नाही.

पावसाळा. इथे मला पहिल्या वर्षी चांगलाच धडा मिळाला. आमचं घर चिऱ्याचं, जुलैत भिंतीला हात लावला तर ओला होतो. मार्चमध्ये बॅरल आणि लाकडाच्या मधून पुढच्या टोकाला कागदाची पट्टी आरामात सरकायची, जुलैत ती अडकली. लाकूड फुगलं होतं. रेंजवर गेलो तर सगळे राउंड दोन बोटं वर आणि मी तासभर स्कोपच्या नॉबा फिरवत बसलो. नंतर लायसन्सवाल्या गनस्मिथकडून तेवढा भाग हलकासा घासून आतून तेल लावून बंद करून घेतला, दुसऱ्या पावसाळ्यात काही झालं नाही. स्कोपला बुरशी लागते, कॅमेऱ्याच्या लेन्सला लागते तशीच, म्हणून तो काढून डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो आणि सिलिका दर पंधरा दिवसांनी तव्यावर तापवून घेतो. रायफल फोमच्या केसमध्ये कुलूप लावून महिनाभर ठेवू नका, फोम पाणी धरतो. मी बॅरलमधून तेलाचा एक पॅच, बाहेरून तेलाचं फडकं, बोल्ट वेगळा, कुलूपबंद लोखंडी कपाटात उभी, असं ठेवतो. दर रविवारी एकदा उघडून बघतो. मारण्याआधी कोरडा पॅच फिरवायचा, नाहीतर पहिले राउंड तेलामुळे कुठेही जातात. बाकी ब्रश घालून घासाघासी करत नाही, मेणाचा थर हवाच असतो, फक्त चेंबरपुढचा काळा कार्बन तेवढा काढतो. निवडणुकीत हत्यार जमा करायची वेळ आली तर तेल लावलेल्या कपड्यात गुंडाळून द्या आणि पावतीवर नंबर स्वतः वाचून घ्या.

सत्तरी तालुक्यातला माझा मावसभाऊ बघायला आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, ‘माकडांक मारपाक घेतल्या रे?’ त्याच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, माकडं नारळ ठेवत नाहीत, त्याचा त्रास मला दिसतो आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण मी त्याला स्पष्ट सांगितलं की ही रायफल कुळागरात येणार नाही. परवाना खेळासाठी आहे, पीकसंरक्षणाचा वेगळा असतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात माकड, रानडुक्कर, मोर यांना असं आपल्या मनाने मारता येत नाही. शिवाय पॉइंट टूटू लहान दिसते म्हणून लोक तिला खेळणं समजतात, ती गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते आणि दगडावरून, पाण्यावरून उसळते. मागे मातीचा बांध नसेल तिथे मी ती उघडत पण नाही. तो जरा नाराज झाला, पण पुढच्या रविवारी माझ्याबरोबर रेंजवर आला, आडवं झोपून दहा राउंड मारले आणि घरी जाताना टार्गेटचा कागद घडी करून खिशात घालून घेऊन गेला.

स्पेअर पार्ट हीच काय ती अडचण. फायरिंग पिन काकांनी एक जास्तीची दिली होती, ती तेलाच्या कागदात ठेवलीये. मॅगझिन मात्र एकच आहे, त्याचे ओठ थोडे वाकलेत आणि चौथा राउंड कधी कधी नाक खाली घालतो, हलक्या हाताने सरळ केलेत पण पुन्हा वाकतील. कोल्हापूर, पुणे, बेळगाव कुठेही कोणाकडे मॉडेल टूचं जुनं लोखंडी मॅगझिन पडून असेल तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.