सिलिंडरच्या फोटोतली उलटी अक्षरे आणि गेलेले ६७,५०० रुपये

कोल्हापुरात ग्राफिक डिझाइन शिकता शिकता बाहेरची छोटी कामे घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे. ‘डिझाइन तुमचे, छपाईचे आम्ही बघतो’ असे ज्याला कोणी सांगत असेल त्याने तर नक्कीच वाचावे. पाऊचच्या छपाईसाठी सिलिंडर, म्हणजे मजकूर कोरलेले धातूचे रोल, करून देतो असे सांगून एका एजंटाने माझ्या मावशीचे ६४,०२० आणि माझे ३,४८० असे एकूण ६७,५०० रुपये नेले. सिलिंडर आले नाहीत, पाऊच आले नाहीत आणि आता त्याचा फोनही लागत नाही. आधी मोठी आगाऊ रक्कम, मग आणखी थोडी, मग टाळाटाळ, हा क्रम सगळ्यांना माहीत असतो आणि मलाही होता. तरीही मी फसले, कारण हा माणूस आमच्याच विषयाच्या भाषेत बोलत होता आणि त्या विषयातले मला कुठवर कळते याचा त्याने पहिल्या भेटीतच अंदाज घेतला होता.

मी डिझाइनच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षात आहे आणि छपाईपूर्व तयारी व पॅकेजिंग हेच माझे मुख्य विषय आहेत. मावशी कळंब्याकडे घरगुती कांदा-लसूण चटणी करून विकते. उन्हाळ्यात डंकावर चटणी कुटून ती वर्षभर साध्या पिशवीत भरायची आणि वर कागदी लेबल लावायचे, असे तिचे आजवर चालले होते. चटणीला तेल सुटले की लेबल सुटते, दुकानदार नाक मुरडतात, म्हणून तिला छापील पाऊच हवे होते. मी ते डिझाइन मनापासून केले होते. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाचा महिना, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, तक्रारीसाठी संपर्क हे सगळे नियमाप्रमाणे बसवले आणि बारकोड चार रंगांत न ठेवता एकट्या काळ्यात ठेवला. माझे हे पहिले काम खरोखर बाजारात जाणार होते, त्यामुळे घाई होती हे खरे. पण ती घाई मावशीच्या हंगामाची होती, मिरवण्याची नव्हती.

त्या माणसाची ओळख शिवाजी उद्यमनगरात एका छपाईच्या कामासाठी गेले असताना झाली. त्याच्या बॅगेत वेगवेगळ्या जाडीच्या पाऊचचे नमुने होते. माझी फाइल पाहून त्याने पहिल्याच मिनिटाला सांगितले, ‘‘ताई, यात आय-मार्क कुठे आहे? उद्या भरण्याच्या मशीनवर पाऊच कापणार कसा?’’ तो बरोबर बोलत होता. रोलच्या कडेला तो गडद ठिपका नसेल तर मशीनच्या सेन्सरला पाऊच कुठे संपतो ते कळत नाही, आणि मी तो टाकला नव्हता. आमच्या अभ्यासक्रमात भर आहे तो ऑफसेटवर, म्हणजे प्लेटच्या छपाईवर, छापलेल्या कागदी खोक्यांवर. लवचिक पॅकेजिंगला, म्हणजे प्लास्टिक फिल्मच्या पाऊचला, आम्ही जेमतेम स्पर्श केला होता. आपल्याच फाइलमधली चूक दाखवणाऱ्या माणसावर विश्वास बसतो आणि या लोकांना ते पक्के ठाऊक असते. विषयाचे ज्ञान हा प्रामाणिकपणाचा पुरावा धरू नका.

त्याने हिशेब मांडला तो असा. डिजिटल छपाईचा पाऊच नगामागे महाग पडतो आणि चटणीचा तो खास लाल त्यात उतरणार नाही, म्हणून रोटोग्रॅव्हर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने छपाई, करू. निळा, किरमिजी, पिवळा, काळा, खास लाल आणि पांढरा असे सहा सिलिंडर लागतील. प्रत्येकी ६,५०० प्रमाणे ३९,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७,०२० मिळून ४६,०२० रुपये. सिलिंडर एकदा केले की पुढची सगळी वर्षे तेच वापरायचे, असेही तो म्हणाला. यातले बरेचसे खरे होते. ग्रॅव्हरमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र सिलिंडर लागतो, तो कोरण्याचा खर्च सुरुवातीलाच द्यावा लागतो, आणि म्हणूनच ही पद्धत मोठ्या संख्येच्या कामाला परवडते. मावशीच्या खपाला ती परवडणारी नव्हती, हे कोणत्याही सरळ मुद्रकाने तिला दारातच सांगितले असते. तुमच्या आई, मावशी, बचत गट यांच्यासाठी काम करत असाल तर आधी वर्षाचा खप विचारा. काही शे पाऊचसाठी कोणी सिलिंडरची गोष्ट काढली तर तिथून उठा.

मावशीने ४६,०२० बँकेतून पाठवले. खात्यावर कंपनीचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे होते. मालकाचा भाऊ, असे उत्तर मिळाले. आपल्याकडे निम्मे छोटे व्यवसाय घरच्या खात्यावर चालतात, त्यामुळे त्यात वावगे वाटले नाही. वाटायला हवे होते. जीएसटी लावलेल्या बिलाची रक्कम खासगी खात्यात मागितली गेली, तर एवढ्या एका गोष्टीवर व्यवहार थांबवा.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे त्याबद्दल लिहिते. पैसे गेल्यावर काही दिवसांनी त्याने फोटो पाठवला. क्रोमने चकाकणारा सिलिंडर, त्यावर कोरलेला मजकूर, आणि खाली ओळ: ‘‘ताई, तुमचा काळा तयार.’’ जवळून घेतलेला फोटो होता. त्यात ‘नेट वेट’ आणि काही आकडे दिसत होते, आणि ती अक्षरे उलटी होती, आरशात दिसतात तशी.

आमचा पाऊच पारदर्शक पीईटी प्लास्टिक फिल्मच्या आतल्या बाजूने छापला जाणार होता. तसे केल्याने शाई फिल्म आणि आतला पॉलिथिनचा थर यांच्यामध्ये बंद राहते, बाहेरून खरवडत नाही आणि चटणीला लागतही नाही. ग्राहक अक्षरे फिल्ममधून पलीकडे पाहून वाचतो, म्हणून शाईच्या बाजूने छपाई उलटी असावी लागते. आणि सिलिंडर थेट फिल्मवर छापत असल्यामुळे, छपाई उलटी हवी तर सिलिंडरवर अक्षरे सुलटी हवीत. उलट्या अक्षरांचा सिलिंडर वरच्या बाजूने छापायच्या कामाचा असतो. म्हणजे तो आमचा सिलिंडर असणे शक्यच नव्हते. दुसऱ्या कोणाच्या तरी कामाचा फोटो आमच्या नावाने पाठवला होता, आणि वजनाची ओळ कोणत्याही पाकिटावर असतेच.

मी फोटो पाहिला तेव्हा हे माझ्या डोक्यात आले नाही असे नाही, ते अर्धे आले. ऑफसेटच्या प्लेटवर अक्षरे सुलटी असतात, कारण प्लेट आणि कागद यांच्या मध्ये रबरी ब्लँकेट असते. इथे ब्लँकेट नाही, म्हणजे अक्षरे उलटी असणारच, जशी शिक्क्यावर आणि जुन्या छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांवर असतात. एवढा विचार करून मी समाधानाने फोटो मावशीला पाठवला. आणखी एक पायरी पुढे गेले असते, छपाई फिल्मच्या आतून आहे हे लक्षात घेतले असते, तर तिथेच प्रश्न विचारला असता आणि पुढचे २१,४८० रुपये तरी वाचले असते. पण मला सांगा, ज्या तंत्राची यंत्रे मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेली नाहीत, त्यातल्या सुलट-उलटाचा हिशेब एका मोबाइलच्या फोटोवरून किती विद्यार्थी करतील? मला न कळणे हा माझ्या शिक्षणाचा टप्पा होता. त्याचा फायदा घेणे हा त्याचा गुन्हा आहे. फोटोला पुरावा समजू नका. सिलिंडरवरून काढलेला छापील प्रूफ हातात मागा, सिलिंडर स्वतः जाऊन पाहा, आणि नाही म्हटले तर पुढचा रुपया देऊ नका.

त्यानंतर फिल्मच्या रोलसाठी १८,००० मागितले, तेही मावशीने दिले. शेवटी वाहतूक आणि विम्याचे ३,४८०, ते मी माझ्या साठवलेल्या पैशांतून यूपीआयने दिले, कारण मावशीकडे आणखी मागायची मला लाज वाटत होती. मग गाडी वाटेत आहे, मग पाऊस आहे, मग चालक आजारी, आणि मग काहीच नाही.

तेव्हा मी बिल नीट वाचले. पत्ता शिरोली औद्योगिक वसाहतीतला होता, पण जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता. पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. शिवाय बिलात कर नऊ-नऊ टक्के असा केंद्र आणि राज्य यांत विभागला होता, जो राज्यांतर्गत व्यवहारात लागतो, म्हणजे क्रमांक गुजरातचा आणि कर महाराष्ट्रातल्या व्यवहाराचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला तर नाव भलत्याचेच आणि नोंदणी रद्द झालेली. हे शोधायला पैसे लागत नाहीत आणि खाते उघडावे लागत नाही. पैसे देण्यापूर्वी शोधा. त्या पत्त्यावर आम्ही गेलो तर तिथे ओतकामाचा कारखाना होता. तिथल्या माणसांनी आमची विचारपूस केली आणि पाणी दिले. पुढच्या सगळ्या प्रकरणात माणुसकीने वागलेले तेवढेच.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार भरली, पोच क्रमांक मिळाला. पण मोठी रक्कम जाऊन बरेच दिवस झाले होते. संशय येताच, खात्री होण्याची वाट न पाहता फोन करा, कारण पैसे काढून घेतले जाण्याआधीच ते गोठवता येतात. मग पोलीस ठाणे. तिथल्या अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘पोरी, पैसे तू स्वतः दिलेस न्हवं?’’ आणि त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. माल न देण्याचा वाद दिवाणी आहे, न्यायालयात जा. मी म्हटले की खोटा जीएसटी क्रमांक, खोटा पत्ता आणि दुसऱ्याच्या सिलिंडरचा फोटो असे सगळे असताना हा दिवाणी वाद कसा? तर ऑनलाइन पैसे गेले आहेत, सायबरला जा. सायबरच्या खिडकीवर उत्तर मिळाले की माणूस प्रत्यक्ष भेटलेला आहे, त्यामुळे स्थानिक ठाण्यात जा. परत स्थानिक ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्तावर. अखेर अर्ज लिहून घेतला, तोही वाचायला मागितला म्हणून बरे झाले: त्यात ‘गॅस सिलिंडर खरेदीत फसवणूक’ असे लिहिले होते. छपाईचा सिलिंडर म्हणजे काय हे मी समजावू लागले तेव्हा समोरच्याने हात हलवून ‘‘तेच ते’’ म्हटले. ते तेच ते नाही. त्या एका शब्दाने माझी तक्रार कोणत्याही तपासात निरर्थक ठरली असती. मावशी शेजारी उभी होती, तिच्या वर्षाच्या कमाईबद्दल हे चालले होते, आणि आम्हाला बसायलाही कोणी सांगितले नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी, नोंदवून घ्यायची आहे, आणि ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते. फसवणुकीचे कलम आता भारतीय न्याय संहितेतले ३१८ आहे. हे मला कोणत्याही टेबलावर सांगण्यात आले नाही, मी स्वतः वाचून काढले. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, तोंडी उत्तरावर घरी परतू नका.

बँकेची तऱ्हा निराळी नव्हती. व्यवहार तुम्हीच मंजूर केला, त्यामुळे आमची जबाबदारी नाही, हे मला समजते. रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे संरक्षण अनधिकृत, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीविना झालेल्या, व्यवहारांसाठी होते. पण ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवा, एवढीच आमची विनंती होती, आणि त्यासाठीही शाखेने लेखी पोच द्यायला नकार दिला. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; आमची ती तक्रार तयार आहे.

‘शिकलेली असून फसलीस’ हे वाक्य मी नातेवाइकांकडून पुरेसे ऐकले आहे. ज्यांना ते म्हणायचे आहे त्यांनी सहा रंगांचे बिल तपासून दाखवावे.

आणखी एक गोष्ट. त्या एजंटाने सिलिंडर कोरण्यासाठी लागते म्हणून माझी थर असलेली, बदल करता येणारी ओपन फाइल फॉन्टसकट घेतली होती. परवा एका वर्गमैत्रिणीने मला त्याच्या दुसऱ्या नंबरवरच्या व्हॉट्सअॅप कॅटलॉगचे चित्र पाठवले, आणि त्यात ‘नुकतेच केलेले काम’ म्हणून मावशीच्या चटणीचा पाऊच आहे: लाल पार्श्वभूमी, डाव्या कोपऱ्यात मी हाताने काढलेली मिरची आणि उखळ. मावशीचे नाव त्याने पुसले आहे. तो पाऊच आजवर छापला गेलेला नाही, म्हणजे ते चित्र दाखवणारा माणूस तोच. लक्ष्मीपुरी, उद्यमनगर किंवा कोठेही हा नमुना कोणी दाखवला, किंवा शिरोलीचा पत्ता आणि २४ ने सुरू होणारा क्रमांक असलेले बिल दिले, तर पैसे देऊ नका. दिले असतील तर ज्या खात्यात पैसे गेले त्याच्या क्रमांकासह आपली स्वतंत्र तक्रार १९३० वर आजच नोंदवा. एका तक्रारीचा कागद फाइलमध्ये पडून राहतो. एकाच खात्यावर चार तक्रारी आल्या की तपासणाऱ्याला ते खाते उघडून पाहावेच लागेल.